उडीचा डबा

नवरा गेल्याच्या पाचव्या दिवशी बाई कामावर हजर झाल्या. ऊस संशोधन केंद्रातल्या लोकांना वाटलं, दोन-चार सह्या करायला आल्या असतील, तासाभरात परत जातील. पण बाईंनी पिशवी खुंटीला अडकवली, पांढरा कोट चढवला, नाकातोंडावर फडकं बांधलं आणि त्या सरळ पतंगांच्या खोलीत शिरल्या. पाच दिवसांत आतल्या किड्यांची अर्धी पिढी उलटली होती. कुणाच्या घरी काय झालं याचं किड्यांना सोयरसुतक नसतं. त्यांना वेळेवर अंडी लागतात.

बाहेर कुजबुज झालीच. बाईंच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही म्हणे. चार वर्षं अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं केलं, आता सुटल्या बिचाऱ्या, असंही कुणी म्हणालं. बाईंच्या कानावर हे पडत होतं आणि पडून तसंच खाली जात होतं. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय बधिर होतो, तो आपलाच आहे हे हात लावून बघावं लागतं. तसं त्यांचं आतून झालं होतं. दुखत नव्हतं. भूक लागत नव्हती, पण ताट पुढे आलं की हात आपोआप जेवत होता. मुलगी दर रविवारी येई, घर आवरून देई आणि जाताना दारात उभी राहून म्हणे, "आई, एकदा रडून घे गं. मोकळी होशील."

"येईल तेव्हा रडेन," बाई म्हणायच्या. "बोलावून येतं का ते?"

बाईंची सगळी हयात गेली ती टाचणीच्या डोक्यावर तीन-चार मावतील एवढ्याशा माशीपायी. उसाला खोडकिडा लागतो. त्याचा पतंग पानामागे अंडी घालून जातो, अंड्यातून अळी निघते आणि खोडात शिरते. एकदा ती आत शिरली की वरून कितीही औषध मारा, आतल्या पाहुणीला ढिम्म काही होत नाही. बाईंची माशी त्याआधीच काम उरकते. ती खोडकिड्याच्या अंड्यात आपलं अंडं घालते. मग त्या अंड्यातून अळीऐवजी माशीच बाहेर पडते, आणि पुढचं अंडं शोधायला निघते. बाईंचं काम एवढंच, की या माश्या लाखांनी वाढवायच्या आणि उसात पोचवायच्या.

एवढंच म्हणायला सोपं. एकतीस वर्षांपूर्वी केंद्राकडे त्यासाठी खोलीही नव्हती. बाईंना मागच्या गोदामाचा एक कोपरा मिळाला होता. भरडलेल्या मक्याचे ट्रे घरच्या जुन्या टेबलावर, वर झाकायला नवऱ्याच्या फाटक्या शर्टाचं कापड. त्या मक्यात धान्यातले पतंग वाढवायचे, कारण त्यांची अंडी माशीला चालतात आणि ती हवी तेवढी मिळतात. चहाच्या गाळणीनं अंडी चाळायची, कागदाच्या कार्डावर डिंकाचा हात फिरवायचा, त्यावर अंडी भुरभुरायची, साखर पेरल्यासारखी. ते कार्ड माश्यांच्या नळीत ठेवलं की चौथ्या दिवशी पिवळट अंडी काळी पडत. काळी पडली म्हणजे आत माशी धरली. मग कार्डाच्या पट्ट्या कापून उसाच्या पानामागे टाचायच्या. डिंक घरीच भिजत पडायचा, आणि मुलगी तेव्हा लहान होती, ती शाळेत सांगून आली होती, की माझी आई किड्यांसाठी चिकट खाऊ करते.

त्या वेळचे साहेब लोक हसायचे. "बाई, घरातली झुरळं मारायला तुम्ही झुरळंच पाळता की काय," असं एकानं भर बैठकीत विचारलं होतं. बाईंनी चेहऱ्यावरची रेघ न हलवता सांगितलं होतं, की झुरळांवर अजून अभ्यास चालू आहे, तुमच्या घरी आधी येऊन बघेन म्हणते. पुढे कार्डांनी गुण दाखवला तसा गोदामाचा कोपरा गेला, खोल्या आल्या, थंड पेटी आली, आणि माणसं म्हणायला लागली, बाईंच्या माश्या.

पहिल्या दिवसापासून त्यांच्याबरोबर होते ते मामा. मामा हे केंद्रातले मदतनीस, बाईंपेक्षा तीन वर्षांनी लहान. पतंगांच्या पंखांची भुकटी तीस वर्षं नाकात जाऊन त्यांना कायमचा खोकला लागला होता. मामा आले हे आधी खोकल्यावरून कळायचं. शिक्षण बेताचं, पण अंडी चाळण्यात मामांचा हात कुणी धरू शकत नव्हतं.

आणि बाईंचे यजमान. ते भूमापन खात्यात नकाशे काढायचे, म्हणून केंद्रात सगळे त्यांना नकाशेवाले म्हणत. नळीत वाढलेली माशी पिढ्यानपिढ्या नळीतच राहिली तर आळसावते. अंडी नाकासमोर आयती मिळतात, उडायचं कशाला? म्हणून बाईंनी पहिल्याच वर्षी नियम घातला होता, की दर वर्षी एकदा बाहेर जायचं, जिथे कुणी औषध मारत नाही आणि कार्डं बांधत नाही अशा रानातून काळी पडलेली अंडी आणायची, आणि त्यातल्या माश्या आपल्या माश्यांत मिसळायच्या. अशी जागा नकाशेवाल्यांनी शोधून काढली. डोंगरापलीकडे, दोन बसा बदलून, ओढ्याकाठी कुणीतरी सोडून दिलेला जुना ऊस माजला होता. दर वर्षी दोघं जायची. ते त्या दिवसाची रजा महिनाभर आधी टाकत आणि खात्यात सांगत, "लोक बायकोला माहेरी पोचवतात. मी बायकोच्या माश्यांच्या माहेरी जातो."

सत्तावीस वर्षं ती फेरी चुकली नाही. मग एका सकाळी दाढी करताना नकाशेवाल्यांच्या हातातून वस्तरा पडला, आणि ते आरशाखालीच कोसळले. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. त्यानंतर बाई सकाळी त्यांना भरवून यायच्या, दुपारी पुन्हा जायच्या, संध्याकाळी धावतपळत घर गाठायच्या. चार वर्षं घर आणि केंद्र यापलीकडे त्या कुठे गेल्या नाहीत.

आता निवृत्तीला आठ आठवडे उरले होते. संचालक एके काळी बाईंच्याच हाताखाली शिकलेले, त्यांच्याबद्दल मनापासून आदर असलेले. त्यांनी ठरवलं होतं, की नव्यानं उघडणाऱ्या तिन्ही केंद्रांना मूळ माश्या बाईंकडच्याच द्यायच्या. पुढची पन्नास वर्षं सगळीकडे त्यांचाच वंश चालेल. निवृत्त होणाऱ्या बाईंना याहून मोठी भेट कुठली? त्यासाठी एक छापील प्रमाणपत्र भरून द्यायचं होतं. बाई भरायला बसल्या. जात, वय, नर-मादी प्रमाण, अंड्यांतून बाहेर पडण्याचं प्रमाण, सगळे आकडे डोळे मिटून लिहिण्यासारखे होते. सातव्या रकान्यापाशी पेन थांबलं. उडण्याची क्षमता, शेकडा.

न मोजलेला आकडा बाईंनी जन्मात लिहिला नव्हता. त्यांनी मामांना कपाटावरून उडीचा डबा काढायला सांगितला.

उडीचा डबा म्हणजे बिस्किटांचा जुना मोठा पत्र्याचा डबा, आतून काळा रंगवलेला. तळाशी काळ्या अंड्यांची पट्टी ठेवायची. आतल्या भिंतीवर मध्यावर चिकट लेपाची एक पट्टी फिरवायची, आणि वर झाकणाऐवजी काच, तिलाही पातळ लेप. माश्या उजेडाकडे जातात. जी उडते ती काचेला चिकटते. जी चालत जाते ती वाटेत भिंतीच्या लेपात अडकते. दुसऱ्या दिवशी भिंगाखाली मोजायचं. चांगल्या दिवसांत शंभरातल्या नव्वद काचेवर सापडायच्या, आणि नकाशेवाले म्हणायचे, "एवढं माझ्या खात्यातल्या माणसांनाही जमत नाही."

डब्यावर बोटभर धूळ होती. मामांनी ती पुसताना दोनदा खोकलून घेतलं आणि म्हणाले, कशाला आता बाई, दरवर्षी चांगलंच यायचं की. बाईंनी पट्टी ठेवली, लेप लावला, काच घातली.

दुसऱ्या दिवशी काचेवर अकरा माश्या होत्या.

बाईंनी पुन्हा मोजल्या. भिंतीच्या लेपात सत्तर अडकल्या होत्या, एकामागे एक, रांगेत उभ्या राहिल्यासारख्या. उरलेल्या तळालाच. लेप जास्त झाला असेल, उजेड कमी पडला असेल, असं म्हणून त्यांनी आणखी तीन दिवस तीन वेगवेगळ्या नळ्यांतल्या पट्ट्या लावून बघितल्या. नऊ. चौदा. अकरा. बाईंनी आकडे वहीत लिहिले. आत नुसती एक खोली रिकामी असल्यासारखी वाटली आणि त्या खोलीत हे आकडे नीट मांडून ठेवले गेले.

मग त्यांनी नोंदवही काढली आणि मागची चार वर्षं उलगडली. दर वर्षी, ठरलेल्या महिन्यात, मामांच्या मोठ्या गोल अक्षरात एक ओळ होती: रानातले आणून मिसळले. खाली बाईंची सही. चारही वेळा.

सही आपली आहे याबद्दल शंका नव्हती. ती केल्याचं मात्र त्यांना आठवत नव्हतं.

"मामा," त्या म्हणाल्या, "हे कुठून आणलंत?"

मामा नळ्या पुसत होते. त्यांनी फडक्याची घडी केली, मग आणखी एक घडी केली. "डोंगरापलीकडे जायचं म्हणजे सगळा दिवस जातो बाई. तुम्ही दुपारच्या घरी जायच्यात साहेबांना भरवायला. मीपण गेलो तर इथं कोण बघणार? आणि तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही स्वतः निघाला असतात, त्यांना तसं टाकून. म्हणून नाही विचारलं. मागच्या प्लॉटातून आणलं. तिथलीही अंडी काळी पडलेलीच होती की. रानातलीच म्हणायची."

"मागच्या प्लॉटात कार्डं कोण बांधतं, मामा?"

"मीच की," मामा म्हणाले, आणि त्यांचा फडक्यावरचा हात तिथेच राहिला.

तीस वर्षं हे काम केलेल्या माणसाला पुढचं सांगायची गरज नव्हती. मागचा प्लॉट म्हणजे केंद्राचा स्वतःचा ऊस. तिथे यांचीच कार्डं, तीही पाच-पाच पावलांवर बांधलेली. मामांनी दर वर्षी तिथून जी अंडी वेचून आणली ती कार्डांच्या आसपासची, म्हणजे ज्या माश्या उडून लांब गेल्या नाहीत, कार्डावरून उतरून चालत चार पानं गेल्या, त्यांची. त्यांनाच पुन्हा घरात घेतलं. चालणाऱ्यांत चालणाऱ्या मिसळल्या, चार वर्षं, दीडशे पिढ्या. आणि अहवालातले आकडेही झकास येत राहिले, कारण ते त्याच प्लॉटात मोजले जायचे. पाच पावलांवर कार्ड असलं तर चालत जाऊनही पोट भरतं. लोकांच्या उसात मात्र कार्डं बारा-पंधरा पावलांवर असतात.

"म्हणजे आपल्याच घरातली आपल्यालाच दिली," मामा हळू म्हणाले. मग फडकं बाजूला ठेवून, "मी तुमचा भार हलका करायला गेलो, बाई."

"माहीत आहे मला," बाई म्हणाल्या. त्यांना मामांचा राग आला नाही. यायला हवा होता की नको हेही त्यांना कळेना.

त्या रविवारी मुलगी आली तेव्हा बाई खिडकीशी बसल्या होत्या आणि त्यांना ऊसवाली आठवत होती. नदीपलीकडे जिचा ऊस होता अशी एक रुंद खांद्यांची बाई, केंद्रात तिला ऊसवालीच म्हणत. दोन वर्षांत ती तीनदा आली होती, पोत्यात पोखरलेली कांडकी घेऊन. तिसऱ्या वेळी तिनं पोतं बाईंच्या टेबलावर ओतलं आणि म्हणाली, तुमच्या माश्या झोपल्यात. बाईंना घरी जायची घाई होती. पट्ट्या उन्हात बांधल्या असतील, पानाच्या खालून बांधा, असं त्यांनी सांगितलं. ऊसवाली म्हणाली, वीस वर्षं बांधतेय, मला शिकवता? बाई म्हणाल्या, मग कुठेतरी चुकतंय तुमचं. ती कांडकी गोळा करून गेली. ती पुन्हा आली नव्हती.

मुलीला सगळं सांगितलं तेव्हा ती आईच्या तोंडाकडे बघत राहिली. तिला आकड्यांचं फारसं कळलं नाही, पण प्रमाणपत्राचं कळलं. आई, तू सही नाही केलीस तर काय होईल, तिनं विचारलं. बाईंनी सांगितलं: या माश्या संपवाव्या लागतील. चार वर्षांचे अहवाल मागे घ्यावे लागतील. एकतीस वर्षांच्या कामावर शेवटी तोच शेरा राहील. आणि केली, तर कुणाला काही कळणार नाही, निदान काही वर्षं.

"बाबा काय म्हणाले असते?" मुलीनं विचारलं.

"नकाशा चुकला तर ते पुन्हा काढायचे," बाई म्हणाल्या. "खोडून दुरुस्त केलेला नकाशा त्यांना बघवत नसे."

बोलताना त्यांनी घरी आणलेल्या नोंदवहीचं पुठ्ठ्याचं पान उलटलं. आतल्या बाजूला नकाशेवाल्यांनी पेन्सिलीनं काढलेला त्या फेरीचा जुना नकाशा होता: दोन बसथांबे, ओढा, ऊस माजलेला तुकडा, आणि ओढ्याच्या वळणावर एक बारीक निशाण, शेजारी सुंदर अक्षरात लिहिलेलं, 'जेवणाची जागा'. मुलीचे डोळे भरले. बाईंनी निशाणावर बोट ठेवून पाहिलं. पेन्सिलीच्या शिशाचा रंग बोटाला लागला. बाकी काही झालं नाही.

सोमवारी त्या संचालकांच्या खोलीत गेल्या. संचालकांनी आकडे वाचले, दार लावून घेतलं.

"मॅडम, हे कुणी कुणी बघितलंय?"

"मी, मामांनी, आणि आता तुम्ही."

म्हणजे घरातल्या घरातच आहे, ते म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते; ते खरोखरच बाईंची काळजी करत होते. त्यांचं म्हणणं असं, की उद्घाटनं तीन आठवड्यांवर आलीत, पत्रिका छापून झाल्यात. माश्या जाऊ द्याव्यात, नवी केंद्रं आपापल्या भागातल्या रानमाश्या मिसळून घेतील, चार-सहा पिढ्यांत सगळं रुळावर येईल. चूक मामांची, तीही भल्यासाठी झालेली. घरी एवढं दुखणं असताना मॅडमनी केंद्र सांभाळलं हेच पुष्कळ. आता हे उकरून कुणाचं भलं होणार?

"ते मिसळणार नाहीत," बाई म्हणाल्या. "कागदावर मी उत्तम म्हणून लिहिलेलं असणार. त्या सहीवर भरवसा ठेवून ते उडीचा डबा काढणारच नाहीत. मी तरी कुठे काढला? चार वर्षं मी मामांच्या ओळीखाली न वाचता सही केली. मला वाचायला वेळ नव्हता एवढंच. चूक माझी आहे, मामांची नाही, आणि तसंच लिहिलंय मी."

"मॅडम, एकतीस वर्षांच्या शेवटी स्वतःवर असा शेरा मारून घ्यायचा? थोडं थांबा. तुम्ही आत्ता दुःखात आहात. बरं वाटायला लागलं की वेगळा विचार कराल."

"म्हणूनच घाई आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "आत्ता मला काहीच वाटत नाहीये. वाटायला लागायच्या आत देऊन टाकते."

त्यांनी टेबलावर दोन कागद ठेवले. एक सही न केलेलं प्रमाणपत्र, आणि एक पत्र, कार्डं घेणाऱ्या सगळ्यांना उद्देशून, साडेसहा ओळींचं. पत्रात मामांचं नाव नव्हतं. संचालकांनी ते दोनदा वाचलं आणि चष्मा काढून डोळे चोळत बसले. उद्घाटनं पुढे ढकलावी लागतील, ते म्हणाले. ढकला, बाई म्हणाल्या.

त्याच दुपारी त्यांनी आणि मामांनी नळ्या गोळा केल्या. एकतीस वर्षांचा संसार दोन प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये मावला. पतंगांचे ट्रे राहू दिले, त्यांचा काही दोष नव्हता. क्रेट थंड पेटीत ठेवले. मामा पेटीचं झाकण धरून उभे राहिले, त्यांच्यानं ते लावेना. शेवटी बाईंनी त्यांचा हात बाजूला करून झाकण लावलं, तापमानाचा आकडा शून्याखाली आणला, किती वाजले ते पाहिलं आणि वहीत लिहिलं. खोकल्याचा बहाणा करून मामा बाहेर गेले. बाई हात धुऊन आल्या आणि रिकाम्या फळ्या ओल्या फडक्यानं पुसू लागल्या. कोपऱ्यातसुद्धा नीट पुसल्या.

दुसऱ्या दिवशी त्या नदीपलीकडे गेल्या. पत्र टपालानं जाणारच होतं, पण हे एक घर टपालावर सोडवेना. ऊसवाली दारातच पाट्या घासत बसली होती. तिनं बाईंना ओळखलं, उठली मात्र नाही. बाईंनी उभ्यानंच सांगितलं: माश्या खरंच झोपल्या होत्या. तुमचं काही चुकत नव्हतं, आमचं चुकत होतं. मी तुम्हाला उलट बोलले, तेही चुकलं.

ऊसवालीनं पाटी खाली ठेवली. "म्हणजे मी खुळी नव्हते."

"नव्हता."

"दोन वर्षं घरातले मला हसतात, की हिला साधी पट्टी बांधता येईना झाली." तिनं हात पदराला पुसले आणि म्हणाली, "तुमचे मालक गेले म्हणे. बसा. चहा टाकते." बाई बसल्या. ऊस किती गेला ते ऊसवालीनं काही हातचं न राखता सांगितलं, आणि बाईंनी ते सगळं ऐकून घेतलं.

त्या आठवड्यात बाई, मामा आणि मुलगी डोंगरापलीकडे गेली. दोन बसा बदलून. मुलीनं रजा काढली होती. थांबे तेच होते, ओढ्याला पाणी कमी होतं, ऊस मात्र होता तसाच, डोक्याच्या वर गेलेला, कुणी न विचारलेला. तिघांनी दुपारपर्यंत पानं उलटून उलटून अंडी शोधली. मामांना वाकवेना, तर ते वरची पानं बघायचे आणि मुलीला खालची दाखवायचे, आणि तिनं चुकीचं पान तोडलं की म्हणायचे, एवढी शिकलीस आणि काळं-पिवळं कळेना तुला. काळ्या अंड्यांचे बावीस पुंजके मिळाले. मग नकाशातल्या वळणावर बसून तिघं जेवली. मुलगी जेवताजेवता रडली. बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि तिचा डबा संपला नव्हता तो संपवायला लावला. परतताना अंड्यांची पेटी त्यांनी मांडीवर धरली होती. बस खड्ड्यातून गेली की त्या दोन्ही हातांनी ती उचलून धरत.

पुंजक्यांतून माश्या निघाल्या. बाईंनी त्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. हवी तीच जात होती. त्यांना ताजं कार्ड दिलं. चौथ्या दिवशी कार्डावर काळे ठिपके उमटले, अगदी थोडे, कुणी पेनानं टेकवल्यासारखे. दुसऱ्या पिढीला संख्या वाढली. तिसऱ्या पिढीला शंभर अंड्यांची पट्टी बाजूला काढण्याइतकी झाली. निवृत्तीला तेव्हा तीन आठवडे राहिले होते. मामांनी न सांगता उडीचा डबा खाली काढला. या वेळी त्याच्यावर धूळ नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी काच उचलली, उलटी करून पांढऱ्या कागदावर ठेवली आणि भिंग डोळ्याला लावलं. काच काळ्या ठिपक्यांनी भरली होती. त्यांनी डावीकडून मोजायला सुरुवात केली. दहा, वीस, तीस. चाळिसाच्या पुढे ठिपके एकमेकांत मिसळायला लागले. त्या थांबल्या आणि पुन्हा डावीकडून सुरू झाल्या. या वेळी तीससुद्धा होईनात.

"मामा, भिंग ओलं झालंय, पुसून द्या."

मामांनी भिंग उजेडाला धरून पाहिलं. ते लख्ख कोरडं होतं. तरी त्यांनी ते कोटाच्या टोकानं पुसलं, बाईंच्या हातात परत दिलं नाही, आणि स्वतःच काचेवर वाकले. ओठ हलवत, एक एक करून मोजत राहिले. बाई स्टुलावर बसल्या होत्या, हात मांडीवर, जसे ठेवले तसेच. गालावरून काय ओघळतंय ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

"ब्याण्णव," मामा म्हणाले.

मग त्यांनी वही ओढली आणि आपल्या मोठ्या गोल अक्षरात ओळ लिहिली. या वेळी ती लांबलचक होती: डोंगरापलीकडे, ओढ्याकाठचा जुना ऊस, दोन बसा बदलून, बरोबर बाई आणि बाईंची मुलगी, जेवणाची जागा नकाशाप्रमाणे. लिहून झाल्यावर त्यांनी वही बाईंच्या पुढे सरकवली आणि सहीच्या जागी बोट ठेवलं.

बाईंनी पेन उचललं आणि खाली ठेवलं.

"थांबा जरा मामा," त्या म्हणाल्या. "नीट दिसायला लागू दे. वाचते, मग करते."